जावातल्या शेतकरी गावात राहायचंय? जमिनीपासून अहेरापर्यंतचा खर्च

योग्याकार्ता आणि सोलो या दोन शहरांच्या मधोमध क्लातेन जिल्हा आहे. प्रांबाननची मंदिरं पाहून दुचाकीवर थोडं पुढे गेलं की मेरापी ज्वालामुखीच्या राखेनं सुपीक झालेली भातखाचरं लागतात. पाटाचं पाणी, नारळी-केळीच्या आड कौलारू घरं, आणि देलांगु भागातला नावाजलेला तांदूळ. आपल्याकडचे पर्यटक इथे थांबतात आणि हमखास विचारतात, ‘इथे जमीन काय भाव?’ पुर्वाकार्ता, कारावांग, बांदुंगच्या कारखान्यांत नोकरी करणारे भारतीयही हाच प्रश्न विचारतात, आणि जावाची सून किंवा जावई झालेली मराठी मंडळीही.

उत्तर आधीच देतो. परदेशी नागरिकाला या गावात शेतजमीन मिळत नाही, आणि ‘मिळवून देतो’ म्हणणारा माणूस तुमचे पैसे बुडवणार आहे. राहायला घर मात्र रीतसर आणि परवडणाऱ्या खर्चात मिळू शकतं. जावाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, आणि २०२०च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १५ कोटींच्या वर. अशा बेटावर जमिनीचा प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी पोटाशी बांधलेला आहे. म्हणून इथला कायदा कडक आहे आणि तो तसाच असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेबासाठी एका भारतीय रुपयाला १९० इंडोनेशियन रुपिया हा ढोबळ दर धरला आहे. म्हणजे १० लाख रुपिया सुमारे ५,३०० रुपये, आणि १ अब्ज रुपिया सुमारे ५३ लाख रुपये. दर हलता असतो. व्यवहाराच्या दिवशीचा दर पाहूनच आकडे पक्के करा. जमीन, घरभाडं, बांधकाम आणि किराणा यांचे आकडे अंदाजासाठी आहेत. कर आणि शुल्क नियमांतले आहेत.

कायदा : कोणाला काय घेता येतं

इंडोनेशियाच्या जमीनव्यवहाराचा पाया म्हणजे १९६०चा मूलभूत कृषी कायदा. पूर्ण मालकीला तिथे ‘हाक मिलिक’ म्हणतात. कलम २१ प्रमाणे ती फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. कलम २६ त्याच्या पुढे जातं. परदेशी माणसाच्या हाती आडवाटेनं मालकी जाईल असा कोणताही व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

एजंट ज्याला ‘पिंजाम नामा’ म्हणतात, तो प्रकार नेमका या कलमात अडकतो. गावातल्या कुणाच्या तरी नावावर जमीन घ्यायची, आपण पैसे द्यायचे आणि सोबत कर्जाचा करार नि मुखत्यारपत्र करून ठेवायचं, अशी ती रचना असते. जमीन हस्तांतरासाठीच्या कधीही रद्द न होणाऱ्या मुखत्यारपत्रांवर १९८२पासून बंदी आहे. भांडण झालं, नावधारक वारला किंवा त्याच्या मुलांनी हक्क सांगितला, तर कोर्टात तुमची बाजू लंगडी. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही आणि त्यातून पळवाटा काढणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तोच शहाणपणा इथेही ठेवा.

आता रीतसर मार्ग.

*‘हाक पाकाई’ म्हणजे वापराचा हक्क.* निवासाचा वैध परवाना असलेल्या परदेशी व्यक्तीला या हक्कावर घर घेता येतं. २०२१च्या शासकीय नियमावलीप्रमाणे सरकारी जमिनीवर तो ३० वर्षांचा, पुढे २० वर्षं वाढ आणि ३० वर्षांचं नूतनीकरण. पण त्यासाठी घराची किमान किंमत प्रांतवार ठरलेली आहे आणि जावात ती कित्येक अब्ज रुपियांत जाते. शहरातल्या बंगल्यासाठी हे ठीक. शेतकरी गावातलं साधं घर या चौकटीत बसत नाही.

*भाडेकरार.* कायद्याचं कलम ४५ इंडोनेशियात राहणाऱ्या परदेशी माणसाला इमारतीसाठी जमीन भाड्यानं घेण्याची मुभा देतं. तयार घर वर्षाच्या कराराने घेणं तर त्याहून सोपं. बहुतेक वाचकांसाठी हाच खरा मार्ग.

*कंपनी काढणं.* परदेशी भांडवलाच्या कंपनीसाठी १० अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणुकीचा आराखडा लागतो, म्हणजे ५ कोटी रुपयांच्या वर. चार गुंठ्यांवर घर बांधायला हा मार्ग सुचवणारा सल्लागार स्वतःची फी पाहतो आहे.

जोडीदार इंडोनेशियन असेल तर

इथे सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून नीट वाचा. १९७४च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतर कमावलेली मालमत्ता दोघांची समाईक. मग इंडोनेशियन पत्नीनं हाक मिलिक जमीन घेतली, तर तिच्यात परदेशी नवऱ्याचाही हिस्सा धरला जातो, आणि परदेशी माणसाला तर ही मालकी ठेवताच येत नाही. लग्नामुळे किंवा वारशानं असा हक्क आला, तर तो एका वर्षाच्या आत सोडावा लागतो.

उपाय म्हणजे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा विवाह-करार. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे. २०१६मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं लग्नानंतरही असा करार करायला मोकळीक दिली. तो नोटरीकडे करा, विवाह-नोंदणीच्या कार्यालयात नोंदवा आणि मगच जमिनीचा व्यवहार करा. क्रम उलटा झाला तर खरेदीखत करणारा अधिकारी ते करायलाच नकार देईल, आणि तेच बरोबर आहे. त्यानंतर जमीन जोडीदाराच्या एकट्याच्या मालकीची राहील. हे मनानं मान्य असेल तरच पैसे घाला.

शेतजमिनीसाठी आणखी एक अट आहे. १९६१च्या नियमाप्रमाणे शेतजमिनीचा मालक त्याच तालुक्यात (कचामतान) राहणारा असावा. जकार्तात राहणाऱ्या इंडोनेशियन जोडीदारालाही क्लातेनमधलं भातशेत सहज नावावर करता येत नाही. घरजागा घ्या, भातशेताचा मोह सोडा.

घरजागेचा व्यवहार : एक नमुना हिशेब

समजा, जोडीदाराच्या नावावर ३०० चौरस मीटर घरजागा, म्हणजे जेमतेम ३ गुंठे, घ्यायची आहे. भाव चौरस मीटरला ३ लाख रुपिया धरू. गाव मुख्य रस्त्यापासून किती आत आहे, यावर तो निम्मा किंवा तिप्पट असू शकतो.

- जमिनीची किंमत : ९ कोटी रुपिया (सुमारे ४.७ लाख रुपये)
- खरेदीदाराचा कर : किमतीतून किमान ८ कोटींची सूट वजा करून उरलेल्या रकमेवर कमाल ५ टक्के. इथे १ कोटीवर ५ लाख रुपिया
- खरेदीखत करणाऱ्या अधिकाऱ्याची (पे-पे-आ-ते) फी : कमाल १ टक्का, म्हणजे ९ लाख रुपिया. साक्षीदारांचं मानधन यातच येतं
- जमीन कार्यालयात प्रमाणपत्राची पडताळणी : ५० हजार रुपिया
- नावबदल : किमतीचा हजारावा हिस्सा अधिक ५० हजार, म्हणजे १ लाख ४० हजार रुपिया

खरेदीदाराचा वरखर्च झाला १५ लाख ९० हजार रुपिया, म्हणजे साधारण ८,४०० रुपये. विक्रेत्याला अडीच टक्के आयकर भरावा लागतो. इथे तो २२ लाख ५० हजार रुपिया. गावात हा करही घेणाऱ्यानं भरायचा असं पुष्कळदा बोलण्यात ठरतं. कोण काय भरणार ते भाव ठरतानाच लिहून घ्या. कर वाचवायला खरेदीखतात कमी किंमत दाखवू असं कुणी सुचवलं, तर ऐकू नका. ती खोटी किंमत पुढे अंगाशी येते.

घर बांधायचं तर साध्या, भक्कम बांधकामाला चौरस मीटरमागे ४० लाख रुपिया धरून चाला. ७० चौरस मीटरचं घर २८ कोटी रुपियांत, म्हणजे १४.७ लाख रुपयांच्या आसपास उभं राहतं. २०२१पासून जुन्या बांधकाम परवान्याची जागा ‘पे-बे-गे’ नावाच्या मंजुरीनं घेतली आहे. गावातही ती लागते. कॉलम आणि बीम यांत काटकसर करू नका. २७ मे २००६च्या भूकंपात बांतुल आणि क्लातेन भागात ५,७००हून अधिक माणसं गेली. न बांधलेल्या विटांच्या भिंती आणि जड कौलं यांनी बळी घेतले.

कागद पाहताना

गावच्या कार्यालयात एक जाडजूड नोंदवही असते. तिला ‘लेटर सी’ म्हणतात. पानाच्या वर कुणा आजोबांचं नाव, खाली शेताचे क्रमांक, प्रतवारी, क्षेत्र, आणि कडेला बारीक अक्षरात ‘अमक्या साली मुलाला दिली’, ‘तमक्याला विकली’ अशा नोंदी, काही खोडलेल्या, काही वेगळ्या शाईतल्या. गावाचा सचिव, ‘पाक चारिक’, ते पान बोट ठेवून वाचून दाखवतो. वही पाहायला जरूर मागा, कारण जमिनीचा इतिहास तिथेच कळतो. पण ती महसुली नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. आपल्या सातबाऱ्याबद्दल वकील जे सांगतात तेच इथेही. २०२१च्या नियमावलीनं अशा जुन्या नोंदी पाच वर्षांत रीतसर नोंदवायला सांगितलं होतं. ती मुदत फेब्रुवारी २०२६मध्ये संपली.

म्हणून नियम साधा : हाक मिलिकचं प्रमाणपत्र (सर्टिफिकात) हातात असल्याशिवाय इसार देऊ नका. ‘आधी पैसे द्या, प्रमाणपत्र मागाहून काढू’ हे वाक्य ऐकलं की थांबा. २०१७पासून सरकारनं गावोगावी सामूहिक जमीन-नोंदणीची मोहीम चालवली. जावात गावपातळीवरच्या तयारीचा खर्च फक्त दीड लाख रुपिया ठरवला गेला. इतकं करूनही जमीन नोंदलेली नसेल, तर वारसांचं किंवा हद्दीचं भांडण असण्याची शक्यता दाट. सरकारी ‘संतुह तानाहकु’ या मोबाइल अ‍ॅपवर जमिनीचं स्थान नकाशात पडताळता येतं. वारसाची जमीन असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, बाहेरगावी कामाला गेलेल्यांच्याही.

या जमिनींना हात लावू नका

*बेंगकोक.* गावच्या पदाधिकाऱ्यांना मेहनतान्यापोटी कसायला दिलेली जमीन. पद गेलं की जमीन परत. आपल्याकडची वतनाची जमीन आठवा. ती आणि ‘तानाह कास देसा’, म्हणजे गावाच्या मालकीची जमीन, विकण्याचा अधिकार कुणालाच नाही.

*सुलतानाची जमीन.* योग्याकार्ता प्रांतात बरीच जमीन सुलतान आणि पाकुआलाम या घराण्यांच्या नावे आहे. तिथे घर दिसलं तरी खालची जमीन विकली जात नाही.

*संरक्षित भातशेत.* २००९च्या कायद्यानं अन्नधान्याच्या जमिनीला संरक्षण दिलं. २०२१मध्ये आठ प्रांतांत संरक्षित भातशेतांचे नकाशे जाहीर झाले. जकार्ता सोडून जावाचे सगळे प्रांत त्यांत आहेत. अशा खाचरावर घर बांधता येत नाही. ‘पुढे बिगरशेती करून देऊ’ या शब्दावर एक रुपियाही देऊ नका.

*गहाण शेत.* जावात शेत गहाण टाकून रोख उचलण्याची पद्धत जुनी आहे. १९६०च्या जमीन-मर्यादा कायद्याप्रमाणे सात वर्षं गहाण राहिलेलं शेत कर्जफेडीशिवाय परत द्यावं लागतं. गहाणावर पैसे लावणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

*संकटाच्या पट्ट्यातली जागा.* मेरापीच्या २०१०च्या उद्रेकात साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. वरच्या उतारावरची स्वस्त जमीन त्यामुळेच स्वस्त आहे. उत्तर किनाऱ्यावर देमाक आणि पेकालोंगान भागात जमीन खचते आहे आणि भरतीचं पाणी घरांत शिरतं. दोन्हीकडचे अधिकृत धोका-नकाशे पाहूनच गाव निवडा.

मोजमापाचा घोटाळाही टाळा. जुनी माणसं ‘रू’ किंवा ‘उबिन’ सांगतात, पश्चिमेकडे ‘तुंबाक’. तो सुमारे १४ चौरस मीटर, म्हणजे सात रूंचा एक गुंठा. ‘बाहू’ म्हणजे सुमारे ७० गुंठे, पावणेदोन एकर. कागदावर मात्र चौरस मीटरच लिहून घ्या.

भाड्याचं घर आणि महिन्याचा खर्च

गावात घर ‘कोंत्राक’नं मिळतं : वर्षाचं भाडं एकरकमी, आगाऊ. क्लातेनसारख्या भागात साध्या तीन खोल्यांच्या घराला वर्षाला १ ते दीड कोटी रुपिया धरा. करार १० हजार रुपियांच्या ‘मेतेराई’ तिकिटावर, दोन साक्षीदारांसह करा. घरभाड्यावर १० टक्के अंतिम कर लागतो. तो कोण भरणार हे करारात यावं. घरमालकाचं प्रमाणपत्र पाहा आणि विहीर, छप्पर, वीजजोडणी यांची दुरुस्ती कुणाकडे तेही लिहा. शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर वापरण्याजोगं आहे ना ते आधी पाहा. तेंपे (आंबवलेलं सोयाबीन), टोफू, पालेभाज्या, मूग, नारळ मुबलक मिळतात. बाहेरच्या सांबालमध्ये (मिरचीच्या चटणीत) मात्र बहुधा कोळंबीची ‘तेरासी’ असते, तेव्हा विचारूनच खा. तूरडाळ शहरातून आणावी लागेल.

दोघांच्या संसाराचा महिन्याचा अंदाज असा :

- घरभाडं : १० लाख रुपिया
- किराणा, भाजी, अंडी, दूध : २० ते २५ लाख. सरकारनं मध्यम प्रतीच्या तांदळाची कमाल किंमत २०२५मध्ये जावासाठी किलोला १३,५०० रुपिया ठरवली
- वीज : १,३०० व्होल्ट-अँपिअरच्या जोडणीला युनिटमागे १,४४४.७० रुपिया. १५० युनिटचे सुमारे २ लाख १७ हजार
- गॅस : १२ किलोचं विनाअनुदान सिलिंडर, सुमारे २ लाख. तीन किलोचं हिरवं सिलिंडर गरिबांसाठी अनुदानित आहे, ते त्यांच्यासाठीच राहू द्या
- पेट्रोल : २० लिटर ‘पर्तालाइट’, लिटरला १० हजार, एकूण २ लाख
- सरकारी आरोग्य विमा (बे-पे-जे-एस) : पहिला वर्ग माणशी दीड लाख, दोघांचे ३ लाख. सहा महिन्यांहून अधिक काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला तो सक्तीचा आहे
- फोन, इंटरनेट : ३ ते ४ लाख
- गावाचा वाटा (पुढे सविस्तर) : ३ ते ५ लाख
- औषधपाणी, दुरुस्ती, किरकोळ : ५ लाख

बेरीज ५० ते ५८ लाख रुपिया, म्हणजे साधारण २६ ते ३१ हजार रुपये. मध्य जावा प्रांताचं २०२५चं किमान मासिक वेतन २१ लाख ६९ हजार रुपिया होतं. तुमचा ‘स्वस्तातला’ महिना शेजारच्या कामगाराच्या अडीच पगारांइतका आहे. म्हणून भाव पाडून घेण्यात शूरपणा दाखवू नका, आणि मनाला येईल तशी रक्कम देऊन गावातलं भाडंही चढवू नका.

व्हिसाचा खर्च वेगळा. भारतीयांना आगमन-व्हिसा ५ लाख रुपियांत ३० दिवसांचा मिळतो आणि एकदाच तितकाच वाढतो. तेवढ्यात गाव पाहून घ्या. राहायचं असेल तर जोडीदार, नोकरी किंवा निवृत्ती यांपैकी योग्य निवास-परवाना आधी काढा. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला १० लाख रुपिया दंड.

गावाचा वाटा : पैशांत आणि श्रमांत

भाडं भरलं म्हणजे गावकरी झालात असं नाही. पहिल्याच दिवशी २४ तासांच्या आत वस्तीच्या प्रमुखाकडे, ‘पाक एरते’कडे, नोंद करायची. पासपोर्टची प्रत द्या, आणि चहाला बसा. वर्षभर तुमच्या अडचणीला धावून येणारा माणूस हाच.

पुष्कळ गावांत रात्री गस्तीची पाळी असते. चारपाच माणसं चौकीवर बसतात आणि ठरलेल्या वेळी फेरीला निघतात. प्रत्येक घराच्या दाराशी लहानसा डबा किंवा प्लास्टिकचा पेला टांगलेला असतो. घरातल्यांनी संध्याकाळीच त्यात नाणं किंवा मूठभर तांदूळ टाकून ठेवलेला. गस्तवाले टॉर्चच्या उजेडात तो पिशवीत रिकामा करतात आणि वहीत घराच्या नावापुढे खूण करतात. हे ‘जिंपितान’. रक्कम अगदी किरकोळ, पण त्यातून गावच्या खुर्च्या, मांडव, आजाऱ्याची मदत उभी राहते. तुमचा डबा रिकामा राहिला तर कुणी बोलणार नाही, पण लक्षात सगळ्यांच्या राहतं.

मोठा खर्च अहेराचा. लग्न, सुंता, बारसं, मयत : प्रत्येक आमंत्रणाला पाकीट. साधारण ५० हजार ते १ लाख रुपिया. जावानीज पंचांगातल्या ‘बसार’ महिन्यात लग्नांची रांग लागते, ‘सुरो’मध्ये सगळं शांत. घराघरांत कुणी किती दिलं याची नोंद ठेवतात आणि तितकंच परत करतात. म्हणून सुरुवातीलाच भरमसाट रक्कम देऊ नका. समोरच्यावर परतफेडीचं ओझं पडतं. बायका कार्याच्या घरी स्वयंपाकाला जातात, त्याला ‘रेवांग’ म्हणतात. घर बांधताना शेजारी फुकट हात लावतात, ती ‘सांबातान’. आपली इर्जिक तशीच. या कामांना जाणं पैशांपेक्षा मोलाचं आहे. घराचं छप्पर उडालं तर विमा कंपनीआधी हीच माणसं येतील.

शेतीतून काय मिळतं

जमिनीच्या भविष्याचा विचार करण्याआधी खाचराचं उत्पन्न पाहा. समजा, गावातल्या कुणाकडे पाव हेक्टर, म्हणजे २५ गुंठे भातशेत आहे. हेक्टरी साडेपाच-सहा टन ओलं भात धरलं, तर एका हंगामात १,४०० किलो. जानेवारी २०२५पासून सरकारी खरेदीदर किलोला ६,५०० रुपिया आहे. म्हणजे ९१ लाख रुपिया, ४८ हजार रुपये. बी, खत, नांगरट आणि मजुरी यांत यातला साधारण निम्मा जातो. ऑक्टोबर २०२५मध्ये अनुदानित युरियाचा दर किलोला २,२५० वरून १,८०० रुपियांवर आणला, तेवढाच दिलासा.

शेत अर्धेलीनं दिलं तर (तिथे त्याला ‘मारो’ म्हणतात) मालकाला एका हंगामाचे साडेपंचेचाळीस लाख, दोन हंगामांचे ९१ लाख रुपिया. या शेताचा भाव चौरस मीटरला २ लाख धरला तर किंमत ५० कोटी रुपिया. म्हणजे परतावा वर्षाला दोन टक्क्यांहून कमी. भाताच्या उत्पन्नावर हा भाव कधीच उभा राहत नाही. तो रस्ता, वसाहत, कारखाना यांच्या आशेवर उभा असतो. त्याच आशेपायी छोटा शेतकरी जमीन सोडतो. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमिनीवर जगणारी शेतकरी कुटुंबं देशभरात २०१३मध्ये सुमारे १ कोटी ४२ लाख होती, ती २०२३च्या कृषिगणनेत १ कोटी ६९ लाखांवर गेली.

पुढे भाव चढतील का?

काही ठिकाणी नक्कीच. २०१८च्या अखेरीस जकार्ता ते सुराबाया द्रुतगती मार्ग जोडला गेला. क्लातेनमधलं पोंगोक गाव झऱ्याच्या तळ्यावर पर्यटन उभं करून नावारूपाला आलं, आणि योग्याकार्ता प्रांतातल्या गुनुंगकिदुलच्या न्गलांगरानला २०२१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं उत्तम पर्यटन-गाव ठरवलं. दोन्हीकडे कारभार गावानंच हाती ठेवला.

उलट बाजूला पूर्व जावातलं सुमुरगेनेंग आहे, तुबान जिल्ह्यातलं. तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी जमिनी गेल्या, भरपाई अब्जांत आली, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गावात नव्या कोऱ्या गाड्या ओळीनं उतरतानाची चित्रफीत देशभर फिरली. वर्षभरानं, जानेवारी २०२२मध्ये, तिथल्याच आणि आसपासच्या गावांतले लोक नोकऱ्यांसाठी प्रकल्पाच्या दारात निदर्शनं करत होते. काहींनी खर्च भागवायला गुरं विकल्याचं सांगितलं. शेत एकदाच विकता येतं. भात दर हंगामाला येतं.

धरून ठेवण्याचा खर्चही वाढू शकतो. मध्य जावातल्या पाती जिल्ह्यात २०२५मध्ये जमीन-इमारत कर २५० टक्क्यांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. गावं पेटून उठली, ऑगस्टमध्ये वाढ मागे घ्यावी लागली आणि तरीही मोठं आंदोलन झालं. म्हणून गुंतवणूक म्हणून गावात जमीन घेण्याचा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

भारतातून पैसे पाठवताना

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला उदार रक्कम-प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलर बाहेर पाठवता येतात. शिक्षण आणि उपचार सोडून इतर कारणांसाठी १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. परदेशातली स्थावर मालमत्ता विवरणपत्रात दाखवणं निवासी करदात्याला बंधनकारक आहे. लपवल्यास १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. दुसऱ्याच्या नावावर घेतलेली जमीन तर कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही.

खर्चाचा क्रम

आगमन-व्हिसावर गाव पाहा, शक्यतो पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चमध्ये. पाणी कुठे साचतं ते तेव्हाच दिसतं. मग योग्य निवास-परवाना काढा आणि एका वर्षाचा कोंत्राक करा. गस्तीला जा, अहेर द्या, इंडोनेशियन भाषा शिका आणि जावानीजमधले आदराचे चार शब्दही. जोडीदार इंडोनेशियन असेल तर विवाह-करार, मग प्रमाणपत्राची पडताळणी, मग घरजागा, या क्रमानं जा. नसेल तर भाड्यानंच राहा, हवं तर दीर्घ मुदतीच्या करारानं. उरलेला पैसा घराच्या डागडुजीत, गावातल्या गवंड्याच्या मजुरीत, आठवडी बाजारात आणि शेजाऱ्याच्या तांदळात खर्च करा. त्यातून तुमचं राहणं सुखाचं होईल, आणि खाचर कसणाऱ्याच्या हातातच राहील.